घरी मागे कोण राहतं?

(कुटुंब सप्ताहानिमित्त शहरातील एका मंडळीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कुटुंब सप्ताहात बोलायला या, असा पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "कामाबद्दल बोलू की कुटुंबाबद्दल?" ते म्हणाले, "कुटुंबाबद्दलच बोला. कामाचा अहवाल आम्ही अंकात वाचतो." ठीक आहे म्हटलं. पण आमच्याकडे या दोन गोष्टींच्या मध्ये भिंत नाही, आणि हे मी शब्दशः सांगते आहे. जव्हार तालुक्यात आम्ही ज्या घरात राहतो, त्याच्या पुढच्या खोलीत औषधांची पेटी असते, बाळांचा वजनकाटा असतो, मुलांच्या वह्यांचे गठ्ठे असतात आणि त्याच खोलीत माझ्या सासूबाईंची खाट असते. शनिवारी पाड्यावरच्या बायका काही विचारायला आल्या की निम्म्या प्रश्नांची उत्तरं सासूबाई खाटेवर बसल्या बसल्या देऊन टाकतात. माझ्यापर्यंत उरलेले निम्मेच येतात. तेव्हा अहवालात ज्यांना जागा मिळत नाही अशा गोष्टी आज सांगते.

घरातल्या गोष्टी मंडळीसमोर सांगायला आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी संकोच करायचं कारण नाही. आपल्यात लक्ष्मीबाई टिळक होऊन गेल्या. १९३४ पासून त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि अजूनही ते पुस्तक मराठी घरांतून वाचलं जातं, ख्रिस्ती आणि ख्रिस्ती नसलेल्याही. मी ते सेमिनरीत असताना पहिल्यांदा सलग वाचलं. परीक्षेचा अभ्यास बाजूला ठेवून वाचलं, हे इथे सांगायला हरकत नाही, पास झाले. त्या पुस्तकात टिळकांचा १८९५ सालचा बाप्तिस्मा आहे, त्यानंतरची नवरा-बायकोची ताटातूट आहे, प्लेग आहे. पण वाचून झाल्यावर डोळ्यांपुढे काय राहतं? सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे त्यांचे वडील. हातात पैसा टिकू न देणारे टिळक. आणि कुणाकुणाची पोरं आपल्या पंगतीला घेऊन बसलेल्या लक्ष्मीबाई. विश्वास, क्षमा, सेवा हे मोठे शब्द त्या जपून वापरतात. चूल, भांडी, प्रवासाचं गाठोडं यांच्याबद्दल बोलता बोलता ते सगळं सांगून जातात. मला तेवढं जमणार नाही, पण वाट तीच धरते.

माझ्या सासूबाई नगर जिल्ह्यातल्या. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण त्यांच्या तोंडी नगरच आहे. सासरे प्रभूकडे गेल्यावर सहा वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे राहायला आल्या. जन्मभर बाजरीची भाकरी खाल्लेली बाई. पहिल्या दिवशी ताटातली नागलीची भाकरी उलटीपालटी करून म्हणाल्या, "सूनबाई, ही करपली का मुळातलीच अशी?" नागली म्हणजे तुमची नाचणी. आमच्याकडे डोंगरउतारावर नागली, वरई, उडीद आणि खाचरात भात. सासूबाईंना नागली पचायला दोन महिने लागले आणि आवडायला दोन वर्षं. आता नगरहून कुणी बाजरी आणली तर म्हणतात, "उष्ण पडती." पावसाच्या तोंडाशी शेवळं निघतात, ती रानभाजी काकडांशिवाय शिजवली तर घसा खाजून जीव नको होतो, हे त्या आता मला शिकवतात. मी तिथे १९ वर्षं राहते आहे. तरी मला शिकवतात.

त्यांना हे कुणी शिकवलं, तर शेजारच्या पाड्यावरच्या एका आजीने. त्या आजींबद्दलच मला मुख्यतः बोलायचं आहे. नाव सांगत नाही, त्यांना विचारलेलं नाही.

आधी पाड्याचं वर्ष कसं चालतं ते थोडक्यात सांगते. मृगाचा पाऊस पडण्याआधी राब भाजायचा, आवण पेरायचं, मग लावणी, मग गुडघाभर चिखलात दिवसच्या दिवस. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि काम सर्वांत जास्त असतं. याच दिवसांत मुलं आजारी पडतात. १९९२ साली आमच्याच तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता, तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्यानंतर पुष्कळ बदललं. रस्ते झाले, अंगणवाड्या झाल्या, अंगणवाडीत मुलांना अंडं किंवा केळं मिळतं. सगळं जागच्या जागी आहे, असं जे म्हणतात तेही खरं बोलत नाहीत. पण पूर्वीचं राहिलेलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला भात कापलं जातं. दिवाळी होते. आणि मग जीप आणि टेम्पो येऊ लागतात. भिवंडी, वसई, कल्याण, तिकडे वीटभट्ट्यांवर माणसं जातात. मुकादमाने पावसाळ्यातच बयाणा दिलेला असतो. घरात दाणा नसतो तेव्हा दिलेला पैसा, त्यामुळे तो नाकारता येत नाही, आणि घेतला की जाणं आलं. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब शेवटी होतो. होळीला चार दिवस गावी येतात, कारण होळीला आला नाही तो माणूस गावचाच राहत नाही. पुन्हा जातात ते पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने तरुण माणूस पाड्यावर दिसत नाही.

मुलांचं काय? दोन वाटा असतात. काही मुलं आईबापांबरोबर जातात. भट्टीवर ओल्या विटा वाळत घातलेल्या असतात, त्या उलटवायला लहान मुलं लागतात. मोठ्या माणसाचा पाय पडला तर वीट मोडते, मुलाच्या वजनाने मोडत नाही. हे मला एका बाईने इतक्या सहज सांगितलं, जणू आपण सांगतो की सुईत दोरा ओवायला नातवंडाचे डोळे बरे. अशा मुलांचं शाळेतलं नाव पटावर राहतं, मूल राहत नाही. आणि उरलेली मुलं आजीजवळ राहतात.

तर ही आजी. तिचा मुलगा आणि सून गेल्या वर्षी दिवाळीनंतर भिवंडीकडे गेले. मागे तीन नातवंडं: मोठी नात पाचवीत, मधला दुसरीत, धाकटी अंगणवाडीतली. घर कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं. कोपऱ्यात भाताची कणगी. आजीचं वय कागदावर ६८, तिच्या हिशेबाने "मोठा दुष्काळ पडला तवा मी शेळ्या राखी". पाणी आणायला डोंगर उतरून जायचं. मुंबईला पाणी देणारी धरणं आमच्या शेजारच्या मुलखात आहेत आणि मार्च उजाडला की आमच्या बाया हंडे घेऊन दरीत उतरतात, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते, इथेही सांगितलं.

सासूबाई आणि ही आजी एकमेकींच्या मैत्रिणी कशा झाल्या हे मला नीटसं कळलेलं नाही. एकीची बोली नगरी, दुसरीची वारली. वारलीत कुणालाच अहो-जाहो नाही. लहानथोर सगळे 'तू'. सासूबाईंना सुरुवातीला ते फार लागलं. "मला अरे-तुरे करती ही," म्हणाल्या. आता दोघी एकमेकींना 'तू' म्हणतात आणि मला वाटतं, सासरे गेल्यापासून सासूबाईंना 'तू' म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

डिसेंबरमध्ये आजी रेशन न घेता परत आली. तिचं कार्ड अंत्योदयचं आहे, महिन्याला ३५ किलो धान्य, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. पण यंत्रावर अंगठा लागला पाहिजे. तिचा अंगठा उमटेना. दहाही बोटं लावून झाली. दळणं, काट्याकुट्या, चिखल, दगड, साठ वर्षं हेच केलेल्या हातावर रेषा राहत नाहीत हो. दुकानदार म्हणाला, घरातल्या दुसऱ्या कुणाचा अंगठा आणा. दुसरे दोन अंगठे भिवंडीला विटा थापत होते. मोबाईलवर येणाऱ्या आकड्यावरही धान्य देता येतं, तशी सोय आहे. पण तो मोबाईल मुलाच्या खिशात, मुलगा भट्टीवर, आणि तो फोन उचलायचा तोवर दुकान बंद. माझे यजमान तिच्याबरोबर तालुक्याच्या ठिकाणी जाऊन आले, आधार केंद्रावर पुन्हा ठसे घेतले. तिथेही यंत्र कुरकुरलं. एकूण चार फेऱ्या झाल्या. दुकानदाराला मी दोष देत नाही, त्याने नियमाबाहेर जाऊन धान्य दिलं असतं तर उद्या त्याच्यावरच आलं असतं. पण जिच्या घरी तीन मुलं आहेत आणि जिचा हक्क कागदावर पक्का आहे, ती बाई रिकामी गोणी घडी करून काखेत घेऊन पाच किलोमीटर परत चालली. ही दोन्ही सत्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि आमचं बरंचसं काम अशाच दोन सत्यांच्या मध्ये चालतं.

इथे सासूबाईंनी लक्ष घातलं. आजीचे हात हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "ह्याला भेगाच भेगा. रोज रात्री खोबरेल चोळ. माझ्यासमोर चोळ, तुझा भरवसा नाही." आमच्याकडची खोबरेल तेलाची बाटली त्या दिवसापासून आजीच्या घरी. रोज संध्याकाळी सासूबाई काठी टेकत तिकडे जायच्या, दोघी ओट्यावर बसून हात चोळायच्या, मधला नातू मध्येच येऊन आपलेही हात पुढे करायचा. तीन आठवड्यांनी हात स्वच्छ धुऊन-पुसून आजी पुन्हा दुकानात गेली. उजव्या हाताचं मधलं बोट यंत्राने ओळखलं. ३५ किलो. यजमानांनी मोटरसायकलवर आणून दिलं. सासूबाई त्या दिवशी प्रार्थनेत इतक्या मोठ्याने उपकारस्तुती करत होत्या की रस्त्यावरून जाणारे थांबले.

आता मुद्द्याकडे येते, कारण या भाषणात एक मुद्दा आहे.

आजी त्या दिवसांत धान्यावाचून आहे हे कळल्यावर संस्थेच्या एका हितचिंतकांनी अगदी मनापासून सुचवलं, की ती तिन्ही मुलं आपल्या वसतिगृहात आणा. खाट देतो, गादी देतो, वर्षाचा खर्च मी उचलतो. माणूस देवभीरू आहे, बोलतो तसं करणारा आहे. मी आजीला जाऊन विचारलं. ती भाताला वारा देत होती. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "पोरां नेलीस, त मी चूल कोनासाठी पेटवू?"

मी काही बोलले नाही. तीच पुढे म्हणाली, तिच्या बोलीत, मी आपल्या भाषेत सांगते: चूल पेटली नाही तर घर पडतं. कुडाला उंदीर लागतात, कौलं सरकतात, कणगी कोण राखणार? होळीला मुलगा-सून येतील तर कुठे येतील?

हे वाक्य मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आमच्यात वाद झाला. यजमानांचं म्हणणं, घराची माया खरी, पण पाचवीतल्या मुलीने शिकायचं कधी? आजी आजारी पडली तर ही दहा वर्षांची मुलगीच घर चालवणार. पाणी तिच्याच डोक्यावर येणार. हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पाड्यावरच्या शाळेत पाचवीपर्यंतच वर्ग आहेत, पुढे मुलींना वसतिगृहच लागतं. आणि ज्या मुलांच्या घरी मागे कुणीच राहत नाही, त्यांच्यासाठी वसतिगृह नसेल तर भट्टी आहे. आमच्या वसतिगृहातल्या कित्येक मुली आज नर्सिंग करताहेत, एक तर आमच्याच आरोग्य केंद्रात आहे. वसतिगृहाविरुद्ध एक शब्दही माझ्या तोंडून येणार नाही.

आणि येईल तरी कसा? आमची स्वतःची मुलगी नाशिकला वसतिगृहात आहे. दहावीनंतर विज्ञान शाखा जवळपास मिळेना. तिला सोडून आलो त्या रात्री सासूबाईंनी जेवताना पाच ताटं घेतली. आम्ही चौघेच. कुणी काही म्हटलं नाही, मुलाने पाचवं ताट उचलून मांडणीवर ठेवलं. दर रविवारी उपासनेनंतर मी आणि मुलगा टेकडीवरच्या एका दगडापाशी जातो, तिथे फोनला रेंज येते. पहिले सहा महिने ती विचारायची, "आजी काय करते? मांजर काय करते?" आता विचारते, "पैसे कधी पाठवणार?" हे वाढणं आहे, मला समजतं. तिचं शिक्षण चांगलं चाललं आहे. पण तिला जायला एक घर आहे, ते घर उघडं आहे, त्यात खाटेवर कुणीतरी तिची वाट बघत बसलं आहे, म्हणून ती तिथे निर्धास्त आहे. घर बंद करून तिला पाठवलं असतं, तर ती वेगळी मुलगी झाली असती.

पवित्र शास्त्रात मला या बाबतीत सारफथच्या विधवेची गोष्ट आठवते, पहिले राजे, सतरावा अध्याय. आपण ती नेहमी पिठाच्या मडक्यासाठी वाचतो. यंदा वाचताना माझं लक्ष दुसरीकडे गेलं. मूठभर पीठ आणि थोडंसं तेल उरलेली बाई, शेवटची भाकरी करायला काटक्या वेचते आहे. एलीयाने तिच्या मुलाला तिथून हलवलं नाही. तो स्वतःच तिच्या घरी राहायला गेला, माडीवर. पुढे ते मूल दगावलं तेव्हा एलीयाने त्याला वर नेलं, प्रार्थना केली, आणि मूल जिवंत झाल्यावर काय केलं? खाली घेऊन आला आणि आईच्या हवाली केलं. सेमिनरीत या अध्यायावर मी निबंध लिहिला होता, त्यात हे खाली घेऊन येणं मी नोंदवलंसुद्धा नव्हतं. तिथे कुणी तसा प्रश्नच विचारला नव्हता. तो प्रश्न पाड्यावरच्या आजीने विचारला.

आणि दुसरं, तीमथ्याची आजी. पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा त्याच्या विश्वासाचं मूळ सांगताना आधी आजी लोईस येते, मग आई युनीके. वडिलांचं नाव तिथे नाहीच. त्या आजीने काय केलं, कुठे शिकवलं, काही लिहिलेलं नाही. मला वाटतं, ती घरी राहिली.

कुटुंब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक चित्र असतं. लग्नाचा दाखला, आईबाप, दोन मुलं, भिंतीवर वचन. आमच्याकडे कुटुंबं जरा वेगळ्या क्रमाने होतात. लग्नात सगळ्या भावकीला जेवण द्यावं लागतं, त्याला पैसा नसतो. म्हणून जोडपी घर मांडतात, मुलं होतात आणि पैसा जमला की लग्न लागतं. कधीकधी बापाचं आणि मुलाचं लग्न एकाच मांडवात लागतं. धवलेरी गाणी म्हणून दोन्ही लग्नं लावते. हसू आलं ना? मलाही पहिल्यांदा आलं होतं. पण ज्या दोघांनी २० वर्षं एकमेकांना सोडलं नाही, एका चुलीवर शिजवलं, आणि मग हळद लावून घेतली, त्यांच्याकडे बघून मी तरी हसणं सोडलं आहे. त्यांच्याकडे कागद नसतो, म्हणून विधवा झाल्यावर निराधार योजनेचं अनुदान मिळवून देताना आमची पुरेवाट होते, हा भाग निराळा.

मुलांना उचलून शिक्षणाकडे न्यायचं, की शिक्षण मुलांकडे न्यायचं, हा प्रश्न आमच्याच जिल्ह्यात फार पूर्वी विचारला गेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जात. तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली. जिथे गुरं तिथे मुलं, जिथे मुलं तिथे शाळा. आज गावोगाव जी अंगणवाडी दिसते, तिच्यामागे या दोघींच्या अंगणातल्या बालवाडीची कल्पना आहे. त्या काही ख्रिस्ती नव्हत्या आणि त्यांनी एलीयाची गोष्ट वाचली असेल-नसेल. पण मुलाच्या घरी राहायला जाणं म्हणजे काय, हे मला त्यांच्या कामात दिसतं.

तर आमच्यापुढे आता खराखुरा निर्णय आहे. ऑक्टोबरमध्ये संस्थेच्या कमिटीची बैठक आहे. जमलेल्या दानातून वसतिगृहात आणखी दहा खाटा वाढवायच्या, की त्याच पैशात दिवाळी ते मे आजी-आजोबांकडे मागे राहिलेल्या मुलांची घरं सांभाळायची, असा प्रश्न आहे. घरं सांभाळायची म्हणजे काय? डाळ, तेल, अंडी, साबण. आठवड्यातून एकदा नर्सची फेरी. संध्याकाळी पाड्यावरच्याच एखाद्या दहावी झालेल्या मुलीने मुलांना घेऊन दोन तास बसायचं, तिला मानधन. रेशनच्या दिवशी बरोबर एक माणूस. माझ्या हिशेबाने एका खाटेच्या खर्चात दोन घरं उभी राहतात. यजमान म्हणतात, दीड. ते हिशेबात माझ्यापेक्षा बरे आहेत, तेव्हा दीडच धरा.

अडचण कशात आहे, तेही तुमच्यासमोर मोकळेपणाने बोलते, कारण तुम्ही आपली माणसं आहात. खाटेचा फोटो निघतो. नव्या गणवेशातल्या मुलाचा फोटो निघतो. नावाची पाटी लावता येते. वाटीभर डाळीचा फोटो काय काढणार? अंकात छापायला आम्हाला दरवेळी मुलांचे हसरे चेहरे लागतात, आणि ते तुम्हाला आवडतात म्हणूनच लागतात. मुलगा घरीच राहिला, आजीच्या कुशीत झोपला, शाळेत गेला, भट्टीवर गेला नाही, यात दाखवण्यासारखं काही घडतच नाही. जे घडलं नाही त्याचा फोटो कसा काढायचा? संपादकांना मी हे विचारलं आहे. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही, आणि हे भाषण छापलं तर हा भागही छापावा अशी माझी त्यांना विनंती आहे.

पाचवीतली ती मोठी नात यंदा सहावीत आमच्या वसतिगृहात आली आहे. तिचं यायचं वय झालं होतं, शाळाही वर नव्हती. आजीनेच आणून सोडलं. दर शनिवारी दुपारी ती घरी जाते आणि सोमवारी सकाळी परत येते. हा नियम नव्हता. वसतिगृहाच्या बाईंनी सुरुवातीला नाराजी दाखवली, शिस्त मोडते म्हणाल्या. तिला जाऊ दिलं की बाकीच्या मुली रडतात, हे त्यांचं खरं आहे. आता ज्यांचं घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि घरी कुणी आहे, अशा नऊ मुली शनिवारी जातात. ज्यांच्या घरी कुणी नाही त्या मुलींचं शनिवारी काय करायचं, हे आम्हाला अजून सुचलेलं नाही. सध्या त्या आमच्या घरी येतात आणि सासूबाई त्यांच्या वेण्या घालतात. १४ वेण्या होतात.

तुम्ही विचारलंत, तुमच्यासाठी प्रार्थना काय करावी. ऑक्टोबरच्या बैठकीसाठी करा. बयाणा घेतलेल्या माणसांचा हिशेब भट्टीवर सरळ व्हावा म्हणून करा. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी करा, चढ आता त्यांना जड जातो. आणि आमच्या मुलीसाठी करा, तिची बारावी आहे.

सध्या भात पोटरीला आलं आहे. पाऊस चांगला झाला. मुकादम मात्र श्रावणातच येऊन गेला आणि आमच्या शेजारच्या पाड्यावर ११ घरांनी बयाणा घेतला. त्यांपैकी सात घरांत मागे आजी राहणार आहे. गेल्या वर्षी एका आजीला तेलाच्या दोन बाटल्या लागल्या होत्या. परवा इकडे यायला निघताना सासूबाईंनी मला यादी दिली: गुडघ्याची पट्टी, नातवासाठी कंपासपेटी, मोठ्या टाइपाचं गीतपुस्तक, आणि खोबरेल तेल, १४ बाटल्या.